सौर तापन नियंत्रण, स्वयंचलित

सौर तापन नियंत्रण, स्वयंचलित : सूर्याच्या प्रारणाने (तरंगरूपी ऊर्जेने) तापणारा संग्राहक आणि ज्याला उष्णता द्यावयाची तो पाण्याचा साठा या दोहोंच्या तापमानांची सतत तुलना करून संग्राहकातून पाणी केव्हा वाहू द्यावे व केव्हा थांबवावे हे मानवी देखरेखीवाचून ठरविणाऱ्या व्यवस्थेस सौर तापनाचे स्वयंचलित नियंत्रण असे म्हणतात. ज्या प्रयुक्तीने हे कार्य होते तिला तापमानभेद नियंत्रक म्हणता येईल. पोहण्याचे तलाव, वसतिगृहे, रुग्णालये, भक्तनिवास, दुग्धशाळा इ. ठिकाणच्या सौर जलतापन यंत्रणांत तिचा उपयोग करतात.

विजेच्या अथवा इंधनाच्या तापकातील नियंत्रकापेक्षा सौर तापनातील नियंत्रकाचे कार्य मूलतः वेगळे आहे. विजेच्या तापकात उष्णतेचा उगम माणसाच्या हाती असतो. पाणी ठराविक तापमानास पोहोचले की वीजप्रवाह खंडित करावयाचा व ते निवले की पुन्हा सुरू करावयाचा, एवढेच तेथील नियंत्रकाचे काम असते आणि त्यासाठी एकच तापमान मोजणे पुरते. सूर्य मात्र चालू वा बंद करता येत नाही. म्हणून सौर यंत्रणेतील नियंत्रक उगमावर नव्हे, तर उष्णतेच्या वाहतुकीवर सत्ता चालवितो व त्याकरिता त्याला दोन तापमाने ज्ञात असावी लागतात. संग्राहक साठ्याहून उष्ण असेल, तर पाणी फिरविल्याने साठा तापतो. तो साठ्याहून थंड असेल, तर तेच पाणी फिरविल्याने साठा निवतो. चुकीच्या वेळी चालणारी सौर यंत्रणा निरुपयोगी तर असतेच, शिवाय मिळविलेली उष्णता ती आकाशात परत टाकते. यंत्रणा केव्हा चालू नये हे ओळखणे, हेच या नियंत्रकाचे सर्वांत महत्त्वाचे कार्य होय.

ऐतिहासिक आढावा : तापमान आपोआप स्थिर राखण्याची कल्पना जुनी आहे. सतराव्या शतकाच्या पूर्वार्धात कॉर्नेलिस ड्रेबेल या डच संशोधकांनी अंडी उबविण्याच्या पेटीसाठी भट्टीचा झोत आपोआप कमीजास्त करणारी प्रयुक्ती बनविली होती. १८३० मध्ये अँड्र्यू यूर या स्कॉटिश रसायनशास्त्रज्ञांनी दोन भिन्न धातूंच्या जोडपट्टीच्या वाकण्यावर चालणाऱ्या तापनियंत्रकाचे एकस्व (पेटंट) घेतले. सौर जलतापकाचे पहिले व्यापारी एकस्व अमेरिकेत १८९१ मध्ये क्लॅरेन्स केंप यांना मिळाले. त्यांच्या तापकात पाण्याच्या काळ्या टाक्याच उन्हात ठेवलेल्या असत व त्यांतील पाणी रात्रीत निवून जाई. १९०९ मध्ये विल्यम बेली यांनी संग्राहक व टाकी वेगळी केली आणि टाकी उष्णतारोधक आवरणात ठेवली. त्यामुळे दिवसाचे ऊन पाणी दुसऱ्या सकाळपर्यंत वापरता येऊ लागले. १९७३ च्या खनिज तेलाच्या टंचाईनंतर सौर तापनाकडे जगभर लक्ष वेधले गेले. पंपावर चालणाऱ्या यंत्रणांचा प्रसार होताच त्यांना जोडावयाच्या इलेक्ट्रॉनीय नियंत्रकांचीही गरज वाढली.

नियंत्रकाची गरज : प्रत्येक सौर तापकास नियंत्रक लागतोच असे नाही. घराच्या छतावरील नेहमीच्या तापकात टाकी संग्राहकाच्या वरच्या बाजूस बसविलेली असते. संग्राहकात तापलेले पाणी हलके होऊन टाकीत चढते व टाकीतले थंड पाणी त्याच्या जागी उतरते. ऊन असेपर्यंत हे अभिसरण आपोआप चालते आणि ऊन गेले की आपोआप थांबते. येथे गुरुत्वाकर्षण हेच नियंत्रकाचे काम करते.

पोहण्याच्या तलावात ही सोय नसते. तलाव जमिनीच्या पातळीत व संग्राहक इमारतीच्या छतावर असतो. तापलेले, हलके झालेले पाणी आपण होऊन खाली येत नाही. म्हणून पंपाची जोड द्यावी लागते. पंपाला दिवस व रात्र, ऊन व ढग यांतील भेद कळत नसल्यामुळे त्याच्यासाठी निर्णय घेणाऱ्या प्रयुक्तीची आवश्यकता निर्माण होते.

स्थानिक परिस्थिती : दख्खनच्या पठारावरील परिस्थितीचे उदाहरण म्हणून अहिल्यानगर (२०२४ पर्यंतचे नाव अहमदनगर) जिल्हा घेता येईल. जिल्ह्याचे मुख्य ठिकाण सु. १९° ५′ उ. अक्षांशावर, समुद्रसपाटीपासून सु. ६५० मी. उंचीवर आहे. अकोले तालुक्याचा घाटमाथ्यालगतचा भाग वगळता जिल्ह्याचा बराच मोठा प्रदेश सह्याद्रीच्या पर्जन्यछायेत येतो. तेथे पाऊस कमी व अनिश्चित असून अवर्षण वारंवार पडते. पावसाळ्याचे महिने सोडल्यास आकाश बहुधा निरभ्र असते. डिसेंबर-जानेवारीत दिवसा स्वच्छ ऊन पडते, परंतु हवा कोरडी असल्याने रात्री जमीन झपाट्याने निवते व किमान तापमान सर्वसाधारणपणे १०° ते १३° से. पर्यंत उतरते. उष्णतेची गरज आणि उन्हाची उपलब्धता या दोन्ही गोष्टी येथे एकाच ऋतूत येतात, ही सौर तापनास अनुकूल बाब आहे. मात्र ज्या कोरड्या, निरभ्र हवेमुळे दिवसा ऊन चांगले मिळते तीच हवा रात्री तलावाची उष्णता व पाणी हिरावून घेते. यामुळे या प्रदेशात नियंत्रणाला विशेष महत्त्व येते.

तलावाचा उष्णतेचा ताळेबंद : २५ मी. लांब, १२·५ मी. रुंद व सरासरी १·५ मी. खोल असा उघडा तलाव गृहीत धरल्यास त्यात सु. ४७० घ. मी. पाणी मावते. एवढ्या पाण्याचे तापमान १° से. ने वाढविण्यास सु. ५४५ किवॉ. तास उष्णता लागते. पोहण्याच्या स्पर्धांसाठी पाण्याचे तापमान २५° ते २८° से. या मर्यादेत असावे असा आंतरराष्ट्रीय नियम आहे. हिवाळ्यात या प्रदेशातील उघड्या तलावाचे पाणी याहून बरेच थंड असते.

तलावाची उष्णता संवहन, अभिसरण, प्रारण व बाष्पीभवन या चार मार्गांनी जाते. जमिनीत होणारे संवहन अल्प असते. बाष्पीभवनाचा वाटा सर्वांत मोठा असतो. १ किग्रॅ. पाण्याची वाफ होताना सु. ०·६८ किवॉ. तास उष्णता उरलेल्या पाण्यातून शोषली जाते. वरील तलावाच्या पृष्ठावरून दिवसाकाठी ५ मिमी. जाडीचा थर उडून गेला, असे मानल्यास सु. १,५६० लि. पाणी आणि त्याबरोबर सु. १,०६० किवॉ. तास उष्णता जाते. ही उष्णता भरून आली नाही, तर तलावाचे तापमान एका दिवसात जवळजवळ २° से. ने उतरेल. प्रत्यक्षात तलावाचे पृष्ठ दिवसा स्वतःच ऊन शोषून घेते, म्हणजे तलाव हाही एक मोठा संग्राहकच असतो. त्यामुळे घट काही अंशी भरून निघते. रात्रीच्या घटीला मात्र अशी भरपाई नसते.

आता याच तलावास २०० चौ. मी. क्षेत्रफळाचे संग्राहक जोडले आहेत असे मानू. हिवाळ्यातील निरभ्र दिवशी दक्षिणेकडे कललेल्या पृष्ठावर दर चौ. मी. ला सु. ५ किवॉ. तास सौर ऊर्जा पडते. तिच्यापैकी निम्मी पाण्यास मिळाली, तर दिवसाची कमाई सु. ५०० किवॉ. तास, म्हणजे तापमानात जेमतेम १° से. ची वाढ एवढी होते. बाष्पीभवनापैकी निम्मे रात्री होते असे धरल्यास रात्रीची हानीही जवळजवळ एवढीच भरते. यावरून रात्री तलावावर आच्छादन घालण्याने होणारी बचत आणि सर्व संग्राहकांची दिवसभराची कमाई या साधारण तुल्यबळ आहेत, असे दिसून येते. आच्छादनाशिवाय उभारलेली सौर यंत्रणा गळक्या रांजणात पाणी भरण्यासारखी ठरते.

संग्राहक : तलावाच्या पाण्याचे तापमान हवेच्या तापमानापेक्षा फारसे जास्त ठेवावयाचे नसल्याने संग्राहकावर काच बसविण्याची आवश्यकता सहसा नसते. पॉलिप्रोपिलिनासारख्या प्लॅस्टिकाच्या अथवा कृत्रिम रबराच्या काळ्या नळ्यांच्या चटया छतावर अंथरतात. त्यांचे एकूण क्षेत्रफळ तलावाच्या क्षेत्रफळाच्या सर्वसाधारणपणे निम्म्यापासून त्याच्याइतके ठेवतात. अहिल्यानगरच्या अक्षांशावर २२ डिसेंबरच्या सुमारास मध्यान्हीचा सूर्य क्षितिजापासून सु. ४७° उंच असतो. म्हणून केवळ हिवाळ्याकरिता वापरावयाचे संग्राहक आडवे न ठेवता दक्षिणेकडे सु. ३०° ते ३५° कलते बसविणे लाभदायक ठरते.

अशा संग्राहकातून दर चौ. मी. ला ताशी सु. २०० लि. पाणी वाहू देतात. भर उन्हातही बाहेर पडणारे पाणी आत शिरणाऱ्या पाण्यापेक्षा केवळ २° ते ३° से. ने उष्ण असते. हाताला ते कोमटही लागत नाही व त्यामुळे यंत्रणा काम करीत नाही असा समज होऊन प्रवाह कमी करण्याकडे कल होतो. तसे केल्यास पाणी अधिक ऊन होऊन बाहेर येते हे खरे. परंतु संग्राहकाचे पृष्ठही अधिक तापते, त्याची उष्णता वाऱ्याने अधिक प्रमाणात जाते आणि तलावाला मिळणारी एकूण उष्णता घटते. थोडे पाणी पुष्कळ तापविण्यापेक्षा पुष्कळ पाणी थोडे तापविणे हे तलावाच्या तापनाचे सूत्र आहे.

नियंत्रकाची रचना व कार्य : नियंत्रकाचे दोन संवेदक, तुलना करणारे इलेक्ट्रॉनीय मंडल आणि पंप वा झडप चालविणारे अभिचालित्र (अल्प विद्युत् प्रवाहाने मोठ्या प्रवाहाचे मंडल जोडणारी वा तोडणारी प्रयुक्ती) असे तीन भाग असतात. संवेदक म्हणून बहुधा थर्मिस्टर वापरतात. हा धातूंच्या ऑक्साइडांपासून बनविलेला घटक असून तापमान वाढले की त्याचा विद्युत् रोध कमी होतो. नेहमीच्या वापरातील एका प्रकारच्या थर्मिस्टराचा रोध २५° से. ला १०,००० ओहम असतो व ३५° से. ला तो सु. ६,५०० ओहमपर्यंत उतरतो. रोधातील हा फरक मोठा असल्याने साध्या मंडलानेही तो अचूकपणे ओळखता येतो.

एक संवेदक संग्राहकाजवळ त्याच्याइतकेच ऊन पडेल असा बसवितात. दुसरा तलावातून येणाऱ्या नळात, पंप व गाळणयंत्र यांच्या दरम्यान, म्हणजे पाणी संग्राहकाकडे जाण्यापूर्वी बसवितात. पहिल्याचे तापमान दुसऱ्यापेक्षा ठराविक प्रमाणात, उदा., ५° से. ने वाढले की अभिचालित्र झडप फिरविते आणि गाळणयंत्रातून थेट तलावात परतणारे पाणी संग्राहकाकडे वळते. हा फरक १·५° ते २° से. पर्यंत घटला की झडप पूर्वस्थितीस येते. तलावाचे पाणी इष्ट तापमानास, उदा., २८° से. ला पोहोचल्यास ऊन कितीही असले तरी प्रवाह थांबतो. ही तिसरी अट होय.

चालू व बंद होण्याच्या मर्यादांमध्ये अंतर ठेवण्यास सबळ कारण आहे. पाणी थांबलेले असताना संग्राहक बराच तापलेला असतो. प्रवाह सुरू होताच तलावाचे थंड पाणी त्यात शिरून त्याचे तापमान झपाट्याने उतरते. दोन्ही मर्यादा सारख्याच ठेवल्यास पंप सुरू होताक्षणीच बंद पडेल, संग्राहक पुन्हा तापेल, पंप पुन्हा सुरू होईल व अशा हेलकाव्यांनी पंप, झडप व अभिचालित्र लवकर झिजतील. बंद होण्याची मर्यादा अगदी शून्यावरही आणता येत नाही; कारण प्रत्येक संवेदकात अर्ध्या अंशाची चूक असली, तरी दोहोंची मिळून एका अंशाची चूक संभवते व अशा वेळी संग्राहक थंड असूनही पंप चालू राहू शकतो.

पंप थांबल्यावर संग्राहकातील पाणी खाली उतरून तो रिकामा व्हावा, यासाठी सर्वांत उंच जागी हवा आत घेणारी झडप बसवितात. रिकाम्या संग्राहकातून रात्री उष्णता जाण्याचा प्रश्न उरत नाही. काही नियंत्रकांत उन्हाळ्यासाठी उलट कार्याचीही सोय असते. एप्रिल-मे मध्ये तलावाचे पाणी फार तापल्यास रात्री ते मुद्दाम संग्राहकातून फिरवून निववितात. हिवाळ्यात जो दोष ठरतो, तोच उन्हाळ्यात असा उपयोगी पडतो.

घड्याळ व तापमानभेद : नियंत्रकाऐवजी ठराविक वेळी पंप चालू व बंद करणारे घड्याळ वापरण्याची पद्धत स्वस्त असल्याने आढळते. तिच्यात तीन उणिवा आहेत. पहिली, घड्याळाला ढग दिसत नाहीत. दुसरी, भारतीय प्रमाण वेळ ८२° ३०′ पू. रेखांशावरून ठरते, तर अहिल्यानगर सु. ७४° ४५′ पू. रेखांशावर आहे. या फरकामुळे तेथील सौर मध्यान्ह सरासरीने घड्याळात १२ वाजून ३१ मिनिटांनी होते. पृथ्वीच्या कक्षेच्या लंबगोल आकारामुळे व तिच्या अक्षाच्या कलामुळे या वेळेतही वर्षभर फरक पडतो. नोव्हेंबरच्या आरंभी सौर मध्यान्ह १२ वाजून सु. १५ मिनिटांनी, तर फेब्रुवारीच्या मध्यास १२ वाजून सु. ४५ मिनिटांनी होते. तिसरी उणीव अशी की, वीजपुरवठा खंडित झाल्यास विजेवर चालणारे साधे घड्याळ तेवढ्या काळाने मागे पडते. ते पुन्हा जुळवून घेतले नाही, तर सूर्यास्तानंतरही पंप चालू राहतो. तापमानभेद नियंत्रक मात्र वीज परत येताच त्या क्षणाची दोन तापमाने पाहून नव्याने निर्णय घेतो. त्याला वेळ लक्षात ठेवावी लागत नाही.

चुकीच्या वेळी चाललेल्या पंपाचा परिणाम आकड्यांत सांगता येतो. तलाव २६° से. व हवा १२° से. असताना २०० चौ. मी. च्या उघड्या संग्राहकातून पाणी फिरत राहिल्यास सु. ४० किवॉ. या दराने उष्णता बाहेर जाते. दहा तासांच्या रात्रीत ही हानी ४०० किवॉ. तासांवर पोहोचते. दिवसभराची कमाई ५०० किवॉ. तास होती हे लक्षात घेता एका रात्रीच्या चुकीने तिच्यातील बहुतेक भाग नाहीसा होतो. पंपाच्या विजेचा खर्च वेगळाच.

शिर्डी येथील सौर बाष्प यंत्रणा : जिल्ह्यातील सौर तापनाचे सर्वांत मोठे व सर्वज्ञात उदाहरण राहाता तालुक्यातील शिर्डी येथे आहे. तेथे तलाव तापवावयाचा नसून हजारो भाविकांचे अन्न शिजवावयाचे असते. तथापि सूर्याच्या उष्णतेवर आपोआप नियंत्रण ठेवण्याचा प्रश्न तेथे वेगळ्या रीतीने सोडविलेला असल्याने त्याची तुलना उद्बोधक ठरते. श्री साईबाबा संस्थानाच्या प्रसादालयाच्या छतावर २००९ मध्ये प्रत्येकी १६ चौ. मी. चे ७३ अन्वस्तीय परावर्तक बसविण्यात आले. यंत्रणेचा खर्च सु. १ कोटी ३३ लाख रुपये झाला व त्याचा काही भाग केंद्र सरकारच्या नवीन व नवीकरणीय ऊर्जा मंत्रालयाने अनुदान म्हणून दिला. दररोज सु. ३,५०० किग्रॅ. वाफ निर्माण करून तीवर सु. २०,००० लोकांचे अन्न शिजविता यावे व त्यायोगे वर्षाकाठी सु. १ लाख किग्रॅ. स्वयंपाकाचा वायू वाचावा, असे उद्दिष्ट ही यंत्रणा उभारताना ठेवण्यात आले होते. तत्पूर्वी तिरुमला येथेही याच प्रकारची यंत्रणा उभारण्यात आली होती.

हे परावर्तक वोल्फगांग शेफ्लर यांनी विकसित केलेल्या प्रकारचे आहेत. पृथ्वीच्या अक्षाला समांतर असलेल्या आसाभोवती, म्हणजे शिर्डीच्या अक्षांशाइतक्या (सु. १९° ४५′) कलत्या आसाभोवती परावर्तक ताशी १५° या गतीने फिरतो. पृथ्वीच्या परिवलनाची गतीही तेवढीच असल्याने दिवसभर सूर्यकिरण एकाच स्थिर जागी एकवटतात व तेथे बसविलेल्या ग्राहकातील पाण्याची वाफ होते. सकाळी परावर्तक सूर्याकडे वळवून ठेवावे लागतात. त्यानंतर त्यांना फिरविण्याचे काम स्वयंचलित कालमापक यंत्रणा करते. ऋतुमानानुसार सूर्य उत्तरेकडे वा दक्षिणेकडे सरकतो. त्याबरोबर परावर्तकाच्या पृष्ठाची वक्रताही दर काही दिवसांनी हाताने थोडी बदलून घ्यावी लागते.

ग्राहकांच्या वर आडवी मोठी नळी असते व ती काही भागापर्यंत पाण्याने भरलेली असते. तिच्यातील पाणी ग्राहकात उतरते आणि तापलेले पाणी व वाफ वर चढतात. हे अभिसरण आपोआप घडत असल्याने पंपाची गरज पडत नाही. म्हणजे तलावाच्या यंत्रणेत संग्राहक स्थिर असून प्रवाहाचे नियंत्रण करावे लागते, तर शिर्डीच्या यंत्रणेत प्रवाह निसर्गतःच होतो आणि नियंत्रण दिशेचे करावे लागते. तेथे घड्याळ उपयोगी पडते, कारण पृथ्वीच्या परिवलनाचा वेग ढगांवर वा हवेच्या तापमानावर अवलंबून नाही. मात्र आरंभीची दिशा बिनचूक असावी लागते. चार मिनिटांचा उशीर म्हणजे एक अंशाची चूक व तेवढ्याने प्रकाशाचा ठिपका ग्राहकावरून काही सेंमी. सरकतो. नियंत्रकाची निवड करताना कोणती राशी निश्चित आहे व कोणती अनिश्चित, हे आधी पाहावे लागते, हे या तुलनेवरून स्पष्ट होते. ढगाळ दिवसांसाठी व रात्रीसाठी अशा सर्व यंत्रणांना नेहमीच्या बाष्पित्राची जोड ठेवावी लागते.

दोष व देखभाल : तलावाच्या नियंत्रकातील बहुतेक बिघाड संवेदकाशी निगडित असतात. थर्मिस्टराची तार तुटल्यास मंडलाला अतिशय मोठा रोध दिसतो व तो घटक फार थंड आहे असा त्याचा अर्थ होतो. हे छतावरील संवेदकाच्या बाबतीत घडल्यास ऊन असूनही पंप चालत नाही. तलावाच्या संवेदकाची तार तुटल्यास तलाव सदैव थंड भासतो व रात्रीही प्रवाह चालू राहतो. छतावरील तारेच्या आवरणात पाणी शिरून तिचे दोन पदर एकमेकांस टेकल्यासही हाच परिणाम होतो. दुसऱ्या व तिसऱ्या प्रकारचे दोष अधिक नुकसानकारक होत. कारण यंत्रणा चालू दिसत असल्याने ते लवकर लक्षात येत नाहीत. म्हणून सूर्यास्तानंतर तासाभराने झडप संग्राहकाकडे वळलेली नाही ना, हे आठवड्यातून एकदा पाहणे, ही सर्वांत सोपी व सर्वांत उपयुक्त तपासणी होय. दोन्ही संवेदक एकाच भांड्यातील पाण्यात बुडवून त्यांची दर्शित तापमाने सारखी येतात की नाही, हे वर्षातून एकदा तपासावे.

संवेदकाची जागाही महत्त्वाची असते. तलावाचा संवेदक उन्हात उघड्या असलेल्या नळावर बसविल्यास पाण्याऐवजी नळाचे तापमान मोजले जाते व तलाव आहे त्यापेक्षा उष्ण भासतो. छतावरील संवेदक कठड्याच्या किंवा टाकीच्या सावलीत आल्यास सकाळची पहिली व संध्याकाळची शेवटची उष्णता वाया जाते. बेसाल्ट खडकातील विहिरींचे व कूपनलिकांचे पाणी पुष्कळदा कठीण असते. त्यातील क्षारांचा थर संवेदकावर व झडपेत साचल्यास तापमानाची नोंद उशिरा होते आणि झडप पूर्ण बंद होत नाही. यासाठी पाण्याच्या कठीणपणाची वेळोवेळी तपासणी करणे आवश्यक असते.

पाण्याची बचत : अवर्षणग्रस्त प्रदेशात तलावाच्या तापनाचा विचार केवळ उष्णतेपुरता करता येत नाही. तलावाचे पाणी जितके उष्ण, तितके त्याचे बाष्पीभवन अधिक. म्हणून नियंत्रकाची वरची मर्यादा गरजेपेक्षा एक-दोन अंशांनी जास्त ठेवल्यास उष्णतेबरोबर पाणीही अधिक जाते. वर गृहीत धरलेल्या तलावातून दररोज उडून जाणारे १,५६० लि. पाणी म्हणजे ग्रामीण पाणीपुरवठ्याच्या दरडोई ५५ लि. या मानाने सु. २८ माणसांची रोजची गरज होय. आच्छादन, योग्य ठिकाणी बसविलेले दोन संवेदक आणि बेताने ठरविलेली तापमानाची मर्यादा या तिन्हींचा मेळ घातला, तर ऊन, वीज व पाणी यांची बचत एकाच वेळी साधते. यांपैकी सर्वांत स्वस्त साधन आच्छादन हे आहे. त्यामुळे नवीन यंत्रणा उभारताना आधी आच्छादन, मग नियंत्रक व त्यानंतर संग्राहकाच्या क्षेत्रफळातील वाढ असा क्रम ठेवणे इष्ट ठरते.